घरकुलाआधी जागेचा कागद

दरवर्षी जून महिन्यात आपल्या वसतिगृहाचे प्रवेशअर्ज भरून घेतले जातात. त्या अर्जात 'कायमचा पत्ता' असा एक रकाना आहे. हे काम गेली अनेक वर्षे आमच्याकडे असल्यामुळे आम्ही एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, आईचे नाव असे सारे भराभर सांगणारा पालक या रकान्यापाशी आला की थांबतो. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तो कंत्राटी कामगार असतो. राहतो तो भाड्याच्या खोलीत, आणि ती खोली वर्षाकाठी बदलते. गावी घर असते, पण त्याची एक भिंत पडलेली असते, आणि उरलेल्या तीन भिंतींवर चार भावांचा हक्क असतो. शेवटी तो गावाचे नाव सांगतो आणि पुढे म्हणतो, "तसं लिहून ठेवा सर."

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हाच विषय प्रश्नाच्या रूपाने येतो. शिकून नोकरीला लागलेले आपले विद्यार्थी विचारतात, "सर, गावी आईवडिलांसाठी घर बांधायचे आहे. सुरुवातीला काही न भरता सरकारी हमीचे कर्ज मिळते का?" हा प्रश्न विचारणारे बरेचसे विद्यार्थी त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांतले आहेत. एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर मांडत आहोत.

शून्य भरण्याचे कर्ज : ऐकीव आणि वास्तव

'एक रुपयाही न भरता घर' अशा जाहिराती नाशिक परिसरात अनेकांनी पाहिल्या असतील. त्यांच्याकडे पाहताना रिझर्व्ह बँकेचा नियम ध्यानात ठेवावा. ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते. कर्ज मोठे होत जाते तसे हे प्रमाण ८० आणि ७५ टक्क्यांवर येते. म्हणजे किमान एक दशांश वाटा घेणाऱ्याने स्वतः उभा करायचा असतो. जिथे तो मागितला जात नाही, तिथे तो दुसऱ्या कुठल्या नावाने, बहुधा चढ्या व्याजाच्या वैयक्तिक कर्जाच्या रूपाने, आपल्याच माथी मारला जात नाही ना, हे तपासून पाहावे.

परदेशात स्थायिक झालेले आपले काही विद्यार्थी अमेरिकेचे उदाहरण देतात, आणि ते खरे आहे. तेथील कृषी विभाग ग्रामीण भागातील घरांच्या कर्जाला हमी देतो. या व्यवस्थेचे मूळ १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यात आहे. कर्ज बँक देते. ते बुडाले तर नुकसानीचा मोठा भाग सरकार सोसते. म्हणून अल्प व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाकडून सुरुवातीचा भरणा मागितला जात नाही. तरीही हमीशुल्क, विमा आणि व्याज कुटुंबालाच भरावे लागते. शिवाय ज्या डोंगराळ गावांत पर्यटन वाढले, तिथे ही सवलतही अपुरी ठरते. कोलोरॅडो राज्यातील बर्फाच्छादित पर्यटनगावांत हॉटेलांतून राबणाऱ्या कामगारांना त्याच गावात घर घेणे परवडत नाही, ही तेथील जुनी तक्रार आहे. इगतपुरीच्या डोंगरात आज काय चालले आहे, ते समजण्यासाठी हे उदाहरण उपयोगी पडेल.

आपल्याकडील मार्ग : कर्ज नव्हे, अनुदान

आपल्या देशात ग्रामीण गरिबांच्या घरासाठी शासनाने मुख्यतः अनुदानाचा मार्ग स्वीकारला आहे. इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये तिचे रूपांतर प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण या योजनेत झाले. महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी २००८ मध्ये स्वतंत्र घरकुल योजना आखली. तीच आज 'रमाई आवास योजना' म्हणून ओळखली जाते. आदिवासी कुटुंबांसाठी शबरी आवास योजना आहे. कातकरी समाजासाठी केंद्राच्या २०२३ च्या जनमन अभियानातून घरे दिली जातात.

माता रमाईंच्या संसाराचा फार मोठा काळ परळच्या चाळीतील दोन खोल्यांत गेला. स्वतःच्या घरात, दादरच्या राजगृहात, त्या राहावयास गेल्या. परंतु तेथील सहवास अल्प ठरला आणि २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. या योजनेला त्यांचे नाव असणे हे म्हणूनच अर्थपूर्ण आहे.

ग्रामीण भागात रमाई आवास योजनेतून सर्वसाधारण क्षेत्रात १,३२,००० रुपये व डोंगराळ किंवा नक्षलग्रस्त क्षेत्रात १,४२,००० रुपये असे अनुदान ठरलेले आहे. शौचालयाचे १२,००० रुपये याच रकमेत धरलेले आहेत. घर किमान २६९ चौरस फुटांचे असावे लागते. आपला तालुका कोणत्या क्षेत्रात मोडतो, हे पंचायत समितीत लेखी विचारून घ्यावे. दहा हजारांचा फरक गरिबाच्या घरात एका भिंतीइतका असतो. याशिवाय रोजगार हमी योजनेतून स्वतःच्या घराच्या कामावर ९० ते ९५ दिवसांची अकुशल मजुरी जोडून घेता येते. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ९० दिवसांचे २८,०८० रुपये होतात. अनेक कुटुंबे ही मजुरी मागतच नाहीत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील घरांसाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये आणखी ५०,००० रुपयांची भर जाहीर केली. त्यातील १५,००० रुपये छतावरील सौरऊर्जेशी जोडलेले आहेत.

अनुदान टप्प्याटप्प्याने थेट बँक खात्यात येते. मंजुरीनंतर पहिला हप्ता आणि त्यापुढचे हप्ते जोते, भिंती, छत अशी कामे जसजशी पुरी होतील तसतसे. प्रत्येक टप्प्यावर जागेवर येऊन मोबाइलवरून छायाचित्र घेतले जाते. यासाठी कोणालाही पैसे देण्याची गरज नाही, आणि घर ठेकेदाराकडे सोपवायचे नसून कुटुंबाने स्वतः बांधायचे आहे.

थोडक्यात, सुरुवातीचा एक पैसाही न भरता सरकारी मदतीचे घर आपल्याकडे मिळते, आणि ती रक्कम फेडावीही लागत नाही. तरीही मंजूर झालेली घरे अडतात. ती का अडतात, हे आम्हाला एका कुटुंबाने शिकवले.

एका मंजुरीची गोष्ट

त्र्यंबक रस्त्यापासून आत असलेल्या एका गावातील मुलगा आपल्या वसतिगृहात शिकत होता. त्याच्या आईच्या नावे घरकुल मंजूर झाले. त्यासाठीची धावपळ आम्हीच केली होती. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचे पासबुक, सारे आम्ही स्वतः तपासले. अनुदान कमी पडेल म्हणून वडिलांना घेऊन आम्ही एका बँकेतही गेलो. अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न केला, "जागा कोणाच्या नावावर आहे?"

जागा मुलाच्या पणजोबांच्या नावे होती. त्यांना जाऊन तीस वर्षे झाली होती. वारसांची नोंद कधी लागलीच नव्हती. वारसांपैकी एक जण कल्याणला राहत होते. शेजारच्या डोंगरावर रिसॉर्ट होणार, रस्ता रुंद होणार, जागेला भाव येणार, असे त्यांना एका दलालाने सांगून ठेवले होते. ते संमतीपत्रावर सही करावयास तयार होईनात. त्या माउलीने आम्हाला विचारले, "सर, घराचा कागद तर आला. पण ते घर ठेवायचं कुठं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. मुदतीत जोते उभे राहिले नाही आणि मंजुरी गेली. पुढे दोन वर्षांनी बुद्धपौर्णिमेला सारी भावकी गावी एकत्र आली असताना ज्येष्ठांनी मध्यस्थी केली. कल्याणच्या काकांनीही अखेर सही केली. वारसनोंद झाली आणि घरकुल पुन्हा मंजूर झाले. आज त्या घरात दोन खोल्या आहेत. पण मधल्या दोन पावसाळ्यांत त्या कुटुंबाने जे सोसले, त्यातला आमचा वाटा आम्ही विसरलेलो नाही. आम्ही सगळे कागद पाहिले होते. जागेचा तेवढा पाहिला नव्हता. त्या दिवसापासून घरकुलाविषयी विचारावयास आलेल्या प्रत्येकाला आम्ही प्रथम एकच गोष्ट विचारतो : जागेचा उतारा दाखवा.

जागा का नाही, याचा इतिहास

हा प्रश्न एका कुटुंबाच्या निष्काळजीपणाचा नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीला घर होते, परंतु घराखालची जमीन बहुधा गावाच्या मर्जीची होती. जी थोडी जमीन वतन म्हणून मिळाली, तिच्याबरोबर पिढ्यानपिढ्यांची वेठ आली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनविषयक विधेयक मांडले ते ही वेठ तोडण्यासाठी. कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली आणि जमिनी जुन्या वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या. पण त्या नव्या शर्तीने. आजही अशा जमिनीच्या उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले आढळते. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहतींसाठी पडीक जमिनी राखून ठेवणारे मंडळ सुचविले होते. आपल्या नाशिक जिल्ह्याचे सुपुत्र कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९६४ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभारला. त्यांच्याच नावाने २००४ मध्ये शेतजमिनीची योजना निघाली. तिच्यात आरंभी निम्मे अनुदान व निम्मे बिनव्याजी कर्ज होते. २०१८ पासून पूर्ण अनुदान आहे. आपल्या चळवळीने भाकरीइतकेच महत्त्व जमिनीला का दिले, ते यावरून कळून येईल.

आता या जुन्या प्रश्नावर नवा भार पडला आहे. सातपूरहून त्र्यंबक रस्त्याने निघावे किंवा घोटीहून इगतपुरीकडे वळावे. धरणांच्या काठांवर आणि डोंगरउतारांवर रिसॉर्ट, सेकंड होम आणि प्लॉटचे फलक दिसतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. ज्या धम्मगिरीवर साधक शांततेसाठी येतात, त्याच डोंगररांगांत गुंठ्यावर बोली लागते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. घरकुलाला त्याच्या अर्ध्याहूनही कमी जागा पुरते. पण ज्याच्या नावावर तेवढीही नाही, त्याला ती बाजारभावाने घेणे दिवसेंदिवस अशक्य होत आहे.

जागेचा कागद कसा करावा

पहिली गोष्ट, वारसनोंद. गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढावा. तो करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तरीही घरकुलाच्या अर्जासोबत तो मागितला जातो. त्यावर मयत व्यक्तीचे नाव असेल तर मृत्यूचा दाखला व वारसांची माहिती देऊन ग्रामपंचायतीत अर्ज करावा. सातबाऱ्यावरील जमिनीसाठी हाच अर्ज तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे करावा. मुली व बहिणी याही वारस आहेत, त्यांची नावे वगळू नयेत. वगळलेले नाव पुढे न्यायालयात उभे राहते, आणि आपल्या विचाराशीही ते विसंगत आहे.

दुसरी गोष्ट, मिळकत पत्रिका. केंद्राच्या स्वामित्व योजनेतून २०२० पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी केली जात आहे. आपल्या गावची मोजणी झाली असेल तर आपल्या घराची सनद व मिळकत पत्रिका मागून घ्यावी, आणि तीवरचे नाव व क्षेत्र तपासावे. कर्जासाठी बँक हाच कागद पाहते.

तिसरी गोष्ट, जागाच नसेल तर. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना २०१५ पासून आहे. तिच्यातून पात्र भूमिहीन कुटुंबाला ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घेण्यासाठी आधी ५०,००० रुपये मिळत. २०२४ मध्ये ही मर्यादा एक लाख रुपये झाली. पर्यटनाच्या पट्ट्यात एवढ्या रकमेत रस्त्याकडेची जागा मिळणार नाही. म्हणून गावठाणात, भावकीत किंवा ओळखीत जागा शोधावी आणि शक्य तर चार-पाच कुटुंबांनी मिळून शोधावी.

तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचा लहान तुकडा सहजासहजी घेता येत नव्हता. मात्र २०२४ च्या नियमांनुसार ग्रामीण घरकुलाच्या पात्र लाभार्थ्याला १,००० चौरस फुटांपर्यंतचा तुकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने घेता येतो. शासकीय जागेवर राहणाऱ्यांनी १ जानेवारी २०११ पूर्वीचे वास्तव्य दाखविणारे पुरावे जपून ठेवावेत. पात्र निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण याच तारखेवर आधारलेले आहे.

चौथी गोष्ट, फसवणूक टाळणे. शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून जागा आपली होत नाही. नोंदणीकृत खरेदीखतच हवे. वर्ग २ ची आणि आदिवासींची जमीन परवानगीवाचून घेऊ नये. आपल्याच वाट्याची वतनी जमीन कोणी 'फक्त सही द्या' म्हणून मागत असेल, तर सही करण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला कागद दाखवावा. गरजेच्या दिवशी केलेली एक सही पुढच्या तीन पिढ्यांना भाड्याच्या खोलीत ठेवू शकते.

पाचवी गोष्ट, दाखले. रमाई आवास योजनेसाठी जातीचा दाखला व महाराष्ट्रातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. नवबौद्धांना राज्याच्या सवलती १९६० पासून व केंद्राच्या १९९० पासून लागू आहेत; त्यामुळे 'बौद्ध' लिहिले म्हणून हक्क जातो, ही भीती निराधार आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत घर पत्नीच्या किंवा पतिपत्नी दोघांच्या नावे मंजूर करण्याची तरतूद आहे. जागेच्या कागदावरही पत्नीचे नाव असावे, असा आमचा आग्रह आहे.

कर्ज घ्यावे, पण किती आणि केव्हा

१,३२,००० रुपयांना २६९ चौरस फुटांनी भागले तर चौरस फुटाला सुमारे ४९० रुपये येतात. या दरात आज घर उभे राहत नाही. त्यात इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे जोते उंच आणि छत भक्कम हवे. म्हणून कमी पडणारी रक्कम कोठून आणावी, हा प्रश्न उरतोच.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या लाभार्थ्याला बँकेकडून ७०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळवून देण्यास साहाय्य करण्याची तरतूद आहे. उदाहरणादाखल, एवढीच रक्कम बँकेकडून नऊ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतली, तर महिन्याला सुमारे १,४५० रुपये हप्ता व एकूण सुमारे १७,००० रुपये व्याज होते. तीच रक्कम सावकाराकडून 'शेकडा दोन रुपये महिना' अशी घेतली आणि व्याज पाच वर्षे मूळ रकमेवरच लागले, तर व्याजच ८४,००० रुपये होते, म्हणजे मुद्दलाहून जास्त. 'शेकडा दोन' हे शब्द ऐकावयास लहान वाटतात; त्यांचा अर्थ वर्षाला चोवीस टक्के असा आहे.

आमचा सल्ला असा. आधी जागेचा कागद, मग मंजुरी, मग जोते, आणि किती कमी पडते ते दिसल्यावरच कर्ज. बचतगट किंवा बँक यांखेरीज कोठेही हात पसरू नये. जोते पावसाळ्यापूर्वी पुरे होईल असा बेत आखावा. दोन खोल्यांच्या मंजुरीवर चार खोल्यांचा पाया घालू नये. अर्धवट राहिलेल्या घरावर शेवटचा हप्ता मिळत नाही, आणि सावकाराचा हप्ता मात्र थांबत नाही.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

या शाळेतून शिकून गेलेल्यांत आज कोणी ग्रामपंचायत अधिकारी आहे, कोणी महसूल खात्यात, कोणी बँकेत, कोणी वकील, कोणी स्थापत्य अभियंता. आपण वर्गणी देता, त्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. पण यंदा आमचे मागणे वेगळे आहे. प्रत्येकाने आपल्या गावातील एका कुटुंबाची वारसनोंद पूर्ण करून द्यावी. त्याला पैसा फारसा लागत नाही. लागतात दोन-तीन सुट्ट्यांचे दिवस आणि सरकारी कार्यालयात न डगमगता उभे राहण्याचे बळ. ते बळ आपल्याला शिक्षणाने दिले आहे.

पुढील जूनमध्ये आम्ही पुन्हा प्रवेशअर्ज भरून घेण्यास बसू. 'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी थांबणारे पालक एकाने जरी कमी झाले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.

जय भीम! नमो बुद्धाय!